कागद कुणी दाखवायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरात केलेल्या भाषणाचा काही भाग)



मी वकील नाही. एम. एस. डब्ल्यू. करून गेली बारा वर्षं मुंबईच्या उपनगरांतल्या वस्त्यांत काम करते. कलमं सांगताना चुकले तर मागे बसलेल्या वकील मैत्रिणींनी बिनधास्त टोकावं.

2025 च्या जूनमधली गोष्ट. रात्री साडेदहाला वस्तीतून फोन आला, ‘ताई, बंगालीण भाभीला नेलं.’ भाभी म्हणजे चार घरची धुणीभांडी करणारी बाई, गाव मुर्शिदाबाद जिल्ह्यात. न्यायला दोन पुरुष पोलीस आले होते, बाई पोलीस नव्हती. पोलीस ठाण्यात विचारलं तर म्हणाले, ‘अटक नाही हो, चौकशी आहे.’ मग घरी जाऊ द्या म्हटलं, तर तेही नाही! आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र सगळं टेबलावर होतं. हवा होता जन्माचा दाखला.

आता मला सांगा, इथे बसलेल्यांपैकी किती जणींच्या आईकडे जन्माचा दाखला आहे? माझ्या आईकडे नाही. ती खेड्यात सुईणीच्या हातावर जन्मली. माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं दुसरं, रेशनकार्डावर कारकुनाने लिहिलेलं तिसरं. पण ती मराठी बोलते, म्हणून तिला कुणी विचारत नाही. बाईचा कागद नेहमी कुणाच्या तरी नावाखाली असतो, बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या. हे आपण घराच्या हक्काबद्दल बोलताना म्हणतोच. इथे त्यावर तिचा देश ठरतो.

1946 च्या परकीय नागरिक कायद्यात आपण परके नाही हे सिद्ध करायची जबाबदारी संशयिताचीच होती. 2025 मध्ये त्याजागी नवा कायदा आला, पण ही तरतूद राहिली. मात्र 2024 मध्ये आसामच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की नुसत्या संशयावरून कुणालाही उचलून ‘कर सिद्ध’ म्हणता येणार नाही; आधी सरकारकडे काही आधार हवा आणि तो त्या माणसाला सांगायला हवा. आणि समजा, बाई खरंच बांगलादेशची निघाली, तरी? घटनेचं कलम 21 ‘व्यक्ती’ म्हणतं, ‘नागरिक’ म्हणत नाही. अटक झाली तर चोवीस तासांत तिला मॅजिस्ट्रेटपुढे नेलंच पाहिजे. त्याच जूनमध्ये महाराष्ट्रातून उचललेल्या काही बंगाली मजुरांना थेट सीमेपार ढकललं गेलं. ते भारतीय असल्याचं पश्चिम बंगाल सरकारने दाखवल्यावर त्यांना परत आणावं लागलं. 1998 च्या जुलैतही मुंबईतून असेच लोक रेल्वेने नेले होते, तेव्हा उलुबेडिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवली होती.

‘पण ताई, दहशतवादी घुसले तर?’ हा प्रश्न आपल्याच गटांत येतो आणि तो टाळू नये. 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांत 180 हून जास्त माणसं गेली. त्यांच्याही घरी बायका आहेत. त्या खटल्यातल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 ला निर्दोष सोडलं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, असं म्हटलं. त्यांतला एक निकालाआधीच कैदेत वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, असं त्या न्यायालयाने सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत घातलं नाही. एकोणीस वर्षं एका बाजूच्या बायका तुरुंगाच्या भेटीच्या रांगेत उभ्या राहिल्या, दुसऱ्या बाजूच्या निकालाची वाट बघत राहिल्या. कायदा वाकवून कुणाचं भलं झालं?

तर त्या रात्री आम्ही काय केलं? अर्ज लिहिला : अटक असेल तर अटकेचा पंचनामा द्या आणि नातेवाइकाला कळवा, नसेल तर सोडा. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायला मॅजिस्ट्रेटची परवानगी आणि बाई अधिकारी लागते, हेही लिहिलं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागितला. शिक्क्यासाठी तासभर वाद झाला! एक वाजता भाभीला सोडलं, ‘सकाळी दहाला हजर राहा’ सांगून. सकाळी तिच्या भावाने गावाहून वडिलांच्या जमिनीच्या दस्ताचा फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी प्रकरण मिटलं.

मिटलं म्हणजे पोलिसांपुरतं. चारपैकी तीन घरांनी तिला कामावरून काढलं, ‘उगीच लफडं नको’ म्हणून. त्यांतली एक बाई आपल्या गटाची वर्गणीदार आहे. महिन्याभरात भाभी मुलांना घेऊन गावी गेली.

त्या अर्जाचा नमुना मी आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत झेरॉक्स काढू, आणि आपापल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा फोन नंबर प्रत्येकीने त्याच्या पाठीवर लिहून घ्या.