प्लगातील ठिणगी

इंदूरच्या आमच्या जुन्या घरात पहाटे सर्वांच्या आधी उठते ती माझी आत्या. वय अठ्ठ्याहत्तर. हिवाळ्यात उठल्याबरोबर ती बादलीत पाणी तापविण्याचा रॉड सोडते, प्लग सॉकेटात खोचते आणि देवघराकडे वळते. दोन वर्षे तो प्लग खोचताना निळसर ठिणगी उडत असे आणि आतून चरचर ऐकू येई. आत्या प्लग किंचित हलवी, चरचर थांबे आणि आम्ही पुन्हा पांघरुणात शिरत असू. ठिणगीची आम्हांला सवय झाली होती. आणि विजेच्या बाबतीत सवयीइतका वाईट सल्लागार दुसरा नाही.

गेल्या मार्गशीर्षात एके पहाटे जळकट वासाने मला जाग आली. प्लग मऊ होऊन सॉकेटाला चिकटला होता आणि आत्या ओल्या हाताने तो ओढण्याच्या बेतात होती. "आत्या, हात लावू नको!" असे ओरडत मी धावलो व मेन स्विच बंद केला. अनर्थ टळला, पण तो केवळ दैवाने टळला, आमच्या शहाणपणाने नव्हे.

हे घडले कसे? आपल्या घरी वीज येते ती 230 व्होल्ट दाबाची. दीड हजार वॅटचा रॉड त्यावर सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह ओढतो. आम्ही तो लावला होता दिवा-पंख्याच्या लहान सॉकेटात, ज्याची शक्तीच सहा अँपिअरची. रोजच्या तापण्याने आतील पितळी पट्ट्या सैल झाल्या. पट्टी सैल झाली की पिनेला ती जेमतेम टेकते. त्या अरुंद जागी प्रवाहाला अडथळा होतो आणि अडथळ्याच्या ठिकाणी उष्णता निर्माण होते. हा अडथळा अवघा अर्धा ओहम धरला, तरी साडेसहा अँपिअरला तेथे सुमारे 21 वॅट उष्णता होते. लहानशा डाख देण्याच्या इस्त्रीइतकी ती उष्णता, बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडलेली! तिने पट्टी आणखी ढिली होते, अडथळा वाढतो, आणि हे चक्र आगीपाशी येऊन थांबते.

कोणी म्हणेल, "आमच्याकडे एम.सी.बी. आहे, काळजी कसली?" येथेच पुष्कळांची फसगत होते. एम.सी.बी. पडते ती प्रवाह मर्यादेबाहेर वाढला तर. सैल जोडात प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतोच. आर.सी.सी.बी. नावाचे उपकरण 30 मिलिअँपिअर गळतीलाही वीज तोडून माणसाचा जीव वाचविते, म्हणून ते प्रत्येक घरी असावेच. परंतु सैल जोडाची वर्दी त्यालाही लागत नाही. ती वर्दी देतात आपले नाक, कान आणि डोळे. वास, चरचर, काळवंडलेली पिन आणि हाताला ऊन लागणारा प्लग, हे त्या संकटाचे चार दूत होत.

प्रत्येक ठिणगी मात्र भयसूचक नसते. स्विच चालू ठेवून प्लग काढला वा घातला, तर क्षणभर ठिणगी उडतेच. तिच्यावर उपाय सोपा: आधी स्विच बंद, मग प्लगाला हात. स्विच बंद करूनही प्लग सैल डुगडुगत असेल, किंवा चालू असताना आवाज येत असेल, तर सॉकेट बदलावे. ते हलवून चालविणे म्हणजे रोग झाकणे होय.

आता जी गोष्ट सांगताना मला संकोच होतो, ती सांगतो. आमच्या वृद्ध वायरमनने जळका प्लग उलटून पाहिला आणि विचारले, "साहेब, रॉडला प्लग तीन पिनांचा असतो. हा दोनाचा कोणी केला?" तो मीच केला होता. मोठे सॉकेट लांब पडत होते, म्हणून मी मूळचा प्लग कापून दोन पिनांचा बसविला आणि हिरवी तार मुडपून ठेवली. ती हिरवी तार म्हणजे अर्थिंग. रॉडच्या आवरणात वीज उतरली, तर ती जमिनीकडे नेऊन फ्यूज उडविण्याचे काम तिचे. तिसरी पिन लांब असते ती याचसाठी, की तिचा जोड सर्वांआधी जुळावा आणि सर्वांनंतर सुटावा. दोन वर्षे आत्या ज्या बादलीपाशी वावरत होती, तिच्यावरचा पहारा मीच उठविला होता.

तेव्हा श्रोतेहो, आज एवढे करावे. रॉड, गीझर, इस्त्री यांना 16 अँपिअरचे सॉकेट द्यावे. एका सॉकेटावर अनेक प्लगांची उतरंड रचू नये. उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात ठोकू नयेत. रॉड पाण्यात सोडल्यावरच स्विच लावावा आणि पाण्यात बोट घालण्यापूर्वी प्लग काढावा. जोड पेटला तर पाणी ओतू नये. मेन बंद करून कोरडी वाळू टाकावी आणि 101 किंवा 112 वर कळवावे.

आमच्या न्हाणीबाहेर आता नवे सॉकेट आहे. आत्या प्लग लावते, क्षणभर कान देते, आणि मगच देवघराकडे वळते. आता तेथून काहीच ऐकू येत नाही. घरातील विजेकडून याहून अधिक काय हवे?