बंदरांतले पंधरा दिवस

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत वाढलेल्या माणसाला समुद्र म्हणजे केवळ ऐकीव गोष्ट. तथापि त्याच्या गांवावरून वाहणारें पाणी अखेर तेथेंच जातें. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून प्राणहिता निघते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते, आणि गोदावरी तें पाणी बंगालच्या उपसागरास पोंचविते. या नद्यांवरील शहाणा नावाडी डोंगा लोटण्यापूर्वी त्याच्या तळावरून हात फिरवितो. चीर सांपडली, तर उतारू कितीहि खोळंबोत, डोंगा हलत नाहीं. शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेले खलाशी बंदरांत जें करितात, तें याहून फारसें निराळें नसतें.

१० सप्टेंबर २०१७ रोजीं 'तारिणी' ही नौका गोव्याहून निघाली. तिची लांबी अवघी ५५ फूट. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदींत ती बांधली गेली. तिच्या आधींची 'म्हादेई'हि तेथलीच. तिच्यांतून २००९-१० सालीं कॅप्टन दिलीप दोंदे यांनीं एकट्यानें प्रदक्षिणा केली, आणि असें करणारे ते पहिले भारतीय ठरले. तारिणीवर नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या: वर्तिका जोशी या प्रमुख, आणि प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, एस. विजयादेवी व पायल गुप्ता या सहकारी. मुक्कामाचीं बंदरें चार ठरलीं होतीं: ऑस्ट्रेलियांत फ्रीमँटल, न्यूझीलंडांत लिटल्टन, फॉकलंड बेटांत पोर्ट स्टॅन्ली, आणि दक्षिण आफ्रिकेंत केपटाऊन. प्रत्येक ठिकाणीं सुमारें दोन आठवडे विसावा.

परंतु हा विसावा नांवाचाच. नौका धक्क्याला लागतांच प्रथम सरकारी अधिकारी वर येतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे देश परक्या बीजाविषयीं व किडीविषयीं फार दक्ष. उरलेलीं फळें व भाज्या तेथें उतरवितां येत नाहींत. कित्येक आठवडे डोलणाऱ्या फळ्यांवर वावरलेल्या माणसाला जमीनच हलते आहे असा भास होतो. पाळीपाळीनें जागण्याची संवय झालेली असल्यामुळें पहिल्या रात्रीं सलग झोंपहि लागत नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू होतें. खाऱ्या हवेनें ओलसर झालेले कपडे व अंथरुणें वाळवावयाचीं. शिडें पसरून एकेक शिवण तपासावयाची. घासून विरलेले दोर बदलावयाचे. इंजिनाचें तेल पाहावयाचें. पंचवीस मीटर उंच डोलकाठीच्या टोंकापर्यंत कोणी तरी दोराच्या बैठकींत बसून चढतें, व प्रत्येक जोड डोळ्यांनीं पाहून खालीं येतें. मग धान्य, डाळी व डबाबंद पदार्थ भरावयाचे. जड वस्तु तळाशीं, लागणारी वस्तु हाताशीं. या धांदलींतच शाळांतील मुलें आणि त्या त्या देशांतील भारतीय कुटुंबें भेटीस येतात. त्यांच्यासाठीं चहा ठेवावा लागतो, आणि तेच तेच प्रश्न नव्या उत्साहानें ऐकावे लागतात.

एवढा खटाटोप कशासाठीं, तें लिटल्टननंतर कळतें. १२ डिसेंबरला तेथून निघालेली तारिणी २१ जानेवारी २०१८ रोजीं पोर्ट स्टॅन्लीस पोंचली. मध्यें चाळीस दिवस दक्षिण महासागर, आणि १९ जानेवारीला ओलांडलेलें केप हॉर्न. त्या विस्तीर्ण पाण्यांत दुकान नाहीं, सुतार नाहीं, धक्का नाहीं. बंदरांत दुर्लक्षिलेली एक सैल खीळ तेथें सहा जिवांची गोष्ट होऊं शकते.

आणि इतकी दक्षता घेऊनहि समुद्र आपला हिशेब मागतोच. केपटाऊनहून परततांना सुकाणूच्या यंत्रणेंत बिघाड झाला. घर जवळ आलें होतें, ओढ अनिवार होती. तरी नौका मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत नेण्यांत आली, दुरुस्ती झाली, आणि मगच ती पुढें निघाली. २१ मे २०१८ रोजीं, २५४ दिवसांनीं, सहाहि जणी सुखरूप गोव्यास उतरल्या.

न ठरविलेला हा पांचवा मुक्कामच कदाचित् साऱ्या प्रवासांतला सर्वांत शहाणपणाचा असेल. प्राणहितेच्या घाटावर डोंग्याच्या तळावरून हात फिरविणाऱ्या नावाड्याला त्याचें मर्म कोणी समजावून सांगावें लागणार नाहीं.