झाडाखाली काय लावायचं?
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बागेत कोणतं झाड लावायचं हे सांगायला सगळे येतात. सरकार सांगतं, रोपवाटिकावाला सांगतो, शेजारीही सांगतो. झाडाखाली काय लावायचं हे कोणी सांगत नाही. आणि बाग टिकते की मोडते ते पुष्कळदा या खालच्या पिकावर ठरतं.

1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. अनुदान झाडाला मिळालं. पण मोसंबी-लिंबू फळावर यायला चार-पाच वर्षं लागतात. तेवढी वर्षं सोसायटीचं व्याज थांबत नाही की पोरांच्या फिया थांबत नाहीत. तोवर घर चालतं ते आंतरपिकावर.

हिशेब करू. सहा बाय सहा मीटरवर एकरी 111 झाडं बसतात. पहिल्या वर्षी आळं मीटरभर रुंद. सगळी आळी मिळून शंभर चौरस मीटरही भरत नाहीत, आणि एकर आहे चार हजारांचा. एवढं मोकळं रान दिसलं की हात शिवशिवतात. मग गेल्या वर्षी ज्याचा भाव चढा होता तेच आपण टाकतो.

समजा कांदा टाकला. कांद्याला पाणी वारंवार लागतं. ते मोकाट सोडलं आणि बुंध्याला लागलं की डिंक्या आलाच. मोसंबी धरती झाल्यावर तर आंबे बहारासाठी नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडून ताण द्यावा लागतो. खाली कांदा-गहू उभा असेल तर ताण कसा बसणार? शिवाय कांद्याचा भरवसा काय? डिसेंबर 2023 मध्ये निर्यात बंद झाली तेव्हा ज्यांचा माल निघत होता त्यांना विचारा.

त्यापेक्षा खरिपात मूग, उडीद घ्या. दोन-अडीच महिन्यांत रान मोकळं होतं, पावसावर भागतं, जमिनीला नत्र मिळतं. झाडं लहान आहेत तोवर रब्बीत हरभरा चालतो. बुंध्यापासून मीटरभर जागा सोडायची. पैसा कांद्याइतका नाही, हे आम्ही लपवत नाही. साक्रीकडच्या डाळिंबवाल्यांनी टोमॅटो, वांगी, भेंडी बागेत घेऊच नये, मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी त्यांच्यावर पोसते. झेंडू घ्या, त्याने ती कमी होते.

आता केळी. केळी झाड नव्हे असं कोणी म्हणेल, पण रावेर-यावलमध्ये बाग म्हणजे केळीचीच.

आम्ही कृषीची पदवी घेऊन नवे नवे फिरत होतो तेव्हाची गोष्ट. यावल तालुक्यातल्या एका नानांनी मृगबागेत काकडी घालू का असं विचारलं. आम्ही अंतर मोजलं, खताचा हिशेब केला आणि हो म्हणालो. श्रावणात पानांवर पिवळे पट्टे आले, कडा वाकड्या झाल्या, पोंगे सडू लागले. आपल्याकडे याला हरण्या म्हणतात. विषाणूचं नावच कुकुंबर मोझॅक, म्हणजे काकडीवरचा. पुस्तकात आम्ही ते वाचलेलं होतं, बांधावर उभं असताना आठवलं नाही. नानांनी बाग उपटली. आम्हाला एक शब्दही बोलले नाहीत.

हा रोग मावा पसरवतो. रोगट पानावर काही सेकंद सोंड खुपसली तरी पुरे. औषधाने मावा मरतो, पण मरण्याआधी तो रोग देऊन गेलेला असतो. रोगट झाड बरं होत नाही, ते मुळासकट काढून नष्टच करावं लागतं. 2020 च्या पावसाळ्यात रावेर-यावलच्या कितीतरी बागा अशाच उपटाव्या लागल्या. म्हणून केळीत काकडी, भोपळा, टरबूज, टोमॅटो, वांगी, मिरची, चवळी नको. केळी पाच फुटांवर असते, तिची सावली लवकर मिळते. तेवढ्या काळात ताग पेरा आणि फुलाआधी गाडा. जुन्या आंब्याच्या सावलीत हळद, सुरण जमतं, पण पाणी असेल तरच.

मात्र एकट्याने पाळून भागत नाही. मावा सातबारा पाहून उडत नाही. शेजारच्या बांधावर वेल असला की तुमची बाग गेली. यात सरकारी सक्ती आपल्याला नको, शिवारातल्या माणसांनी बसून ठरवावं. आणि त्या बैठकीला बायका हव्यातच. बांधावरची गिलकी, दोडकी, काकडी त्यांनीच लावलेली असतात, घरचं कालवण त्यावर चालतं. त्यांना न विचारता वेल उपटाल तर पुढच्या वर्षी तो पुन्हा लावला जाईल, आणि तेही बरोबरच आहे. तो वेल केळीपासून लांब, घराच्या मागे कुठे चढवता येईल, हे त्याच सांगतील.

मृगबागेची लागवड जूनपासून सुरू होते. त्याआधी गावोगाव ही बैठक घ्या. कोणाच्या बांधावर काय आहे ते कागदावर लिहा आणि पुढच्या जिल्हा बैठकीला तो कागद घेऊन या.