सिकलसेल : शोध प्रयोगशाळेत, रुग्ण पाड्यावर

(दिल्लीत सरोजिनी नगर येथे मराठी भाषक कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वैद्यक आणि आनुवंशशास्त्र यांतील नव्या संशोधनाविषयी मी बोलावे, असे आपण मला सांगितले आहे. विषय अफाट आहे. नव्या शोधांची नुसती यादी वाचून दाखवली तरी संध्याकाळ संपेल आणि हाती काही लागणार नाही. म्हणून मी एकच रोग निवडतो. तो आपल्या महाराष्ट्राला फार जवळचा आहे आणि गेल्या पाऊणशे वर्षांतील आनुवंशशास्त्राची जवळजवळ सारी वाटचाल त्या एका रोगाच्या इतिहासात दिसते. हा रोग म्हणजे सिकलसेल.

येथे बसलेल्या एका सहकाऱ्याच्या संमतीने त्यांच्या घरची हकीकत सांगतो. हे कुटुंब मूळचे गोंदिया जिल्ह्यातले. मुलीचे हातपाय सुजत, सांधे असह्य दुखत, मधूनच ताप येई. येथून रिंगरोडने थोडे पुढे गेले की सफदरजंग आहे, एम्स आहे. देशातील नामांकित डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही दोन वर्षे एका दवाखान्यात त्या मुलीवर संधिवाताचे उपचार चालू होते. "तुम्ही मूळचे कुठले?" हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही. तो विचारला गेला असता आणि रक्ताची एक स्वस्त चाचणी झाली असती, तर दोन वर्षांच्या यातना वाचल्या असत्या. आज मला जे सांगायचे आहे त्याचा सारांश या घटनेत आहे. ज्ञान अस्तित्वात असणे वेगळे आणि ते गरजू माणसापर्यंत पोहोचणे वेगळे.

एका अक्षराची चूक

प्रथम रोग समजून घेऊ. आपल्या तांबड्या रक्तपेशी गोल आणि लवचिक असतात. अतिसूक्ष्म वाहिन्यांतूनही त्या वाट काढतात. या रोगात पेशींतला प्राणवायू कमी झाला की त्या ताठर होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. विळा म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. अशा पेशी वाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुंबतो आणि प्राणांतिक वेदना सुरू होतात. शिवाय या पेशी अल्पायुषी असतात, म्हणून रक्तक्षय कायमचा मागे लागतो. पांथरी निकामी होते, जंतुसंसर्ग बळावतो आणि काही वेळा कोवळ्या वयातच पक्षाघाताचा झटका येतो.

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन बेटांवरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत असल्याचे तेव्हा प्रथमच सिद्ध झाले. १९५७ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. जनुकाच्या लिपीत एका अक्षराचा बदल होतो आणि त्यापायी माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होते.

हा दोष माणसांत टिकून का राहिला, याचे उत्तर १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. ज्याला आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळते, त्याला आपण वाहक म्हणतो. वाहक सामान्यतः निरोगी असतो आणि मारक मलेरियापासून त्याला बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. म्हणजे ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने बालके दगावली, तेथे या जनुकाने माणसे जगवली. त्याचा कोणाच्या जातीशी, कुळाशी वा पापपुण्याशी काडीमात्र संबंध नाही.

नागपूर, गडचिरोली, नंदुरबार

भारतात हे जनुक असल्याचे १९५२ साली निलगिरीतील आदिवासींच्या तपासणीतून उघड झाले. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतही ते आढळले. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला निबंध 'लॅन्सेट' या प्रख्यात नियतकालिकात प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा या आदिवासींत आणि विदर्भातील दलित व इतर मागास समाजांत हा दोष आढळतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, यवतमाळ, अमरावती आणि नंदुरबार हे त्याचे मुख्य जिल्हे होत.

या जिल्ह्यांच्या नावांकडे नीट पाहा. नंदुरबारचा माणूस ऊसतोडीला जातो, वीटभट्टीवर जातो. उन्हातान्हात अतिश्रम, पिण्याच्या पाण्याची वानवा, रात्रीची थंडी, वारंवार होणारा जंतुसंसर्ग ही सिकलसेलच्या झटक्याची सर्वमान्य निमित्ते आहेत. वैद्यकाच्या पुस्तकात रुग्णाला सल्ला दिलेला असतो : भरपूर पाणी प्यावे, अतिश्रम टाळावेत, थंडीपासून जपावे. परंतु अंगावर उचल घेतलेल्या मजुराने हा सल्ला पाळायचा तरी कसा? दोष जनुकात जन्मतःच असतो हे खरे, पण तो माणसाला किती छळणार हे बव्हंशी त्याच्या राहणीमानावर ठरते.

भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण आफ्रिकी रुग्णांपेक्षा बहुधा अधिक असते. त्यामुळे आपल्याकडचा रोग सौम्यच असतो, असा एक समज रूढ होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेतील डॉ. रोशन कोलाह यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासांनी तो समज खोडून काढला. वाहक मातांच्या नवजात बालकांची जन्मतःच तपासणी करून त्यांचा पाठपुरावा त्यांनी केला आणि २०१६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विदर्भातील अनेक मुलांत रोग तीव्र स्वरूपाचा असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

स्वस्त औषधाची गोष्ट

आता उपचारांकडे वळू. १९८६ साली अमेरिकेत एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिकलसेलग्रस्त लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास घातक न्यूमोकॉकस संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो, असे तीत दिसून आले. परिणाम इतका उघड होता की ती चाचणी ठरल्या मुदतीआधीच थांबवण्यात आली. पेनिसिलिन हे काही अप्राप्य औषध नव्हे. मात्र त्याचा उपयोग व्हायचा तर मूल रुग्ण आहे हे पहिल्या काही महिन्यांतच कळले पाहिजे.

दुसरे औषध हायड्रॉक्सियुरिया. हे रसायन १८६९ पासून माहीत आहे. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनेचे झटके घटवते, हे १९९५ साली मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. नागपुरात डॉ. जैन यांच्या चमूने कमी मात्रेतही ते बालकांना गुणकारी ठरते असे दाखवले. २०१२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१९ साली अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा येथील मुलांवरील अभ्यासातही हे औषध गरीब देशांतील परिस्थितीत सुरक्षितपणे देता येते, असा निष्कर्ष निघाला. भारतात या औषधाची कॅप्सूल काही रुपयांत मिळते. ठराविक काळाने रक्त तपासावे लागते आणि गोळी खंड न पडता घ्यावी लागते, एवढीच अट आहे. तात्पर्य, पाड्याजवळच्या आरोग्यकेंद्रात औषध बारमाही असावे आणि तपासणीची सोय असावी, एवढ्यावर हजारो मुलांचे आयुष्य अवलंबून आहे.

बावीस लाख डॉलरची कात्री

अगदी अलीकडचा शोध याहून विलक्षण आहे. जिवाणू आपल्यावर हल्ला करणाऱ्या विषाणूंचे जनुक कापून टाकतात. त्यांच्या या यंत्रणेपासून 'क्रिस्पर' हे जनुक कापण्याचे तंत्र विकसित झाले. एमान्युएल शार्पाँतिए आणि जेनिफर डाउडना यांना त्यासाठी २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान, जन्मानंतर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद पाडणारे जनुक कोणते, हेही २००८ साली बोस्टनमधील संशोधकांनी दाखवले होते. दोन्ही शोध एकत्र आले. रुग्णाच्याच रक्तमूळपेशी बाहेर काढायच्या, त्यांतील ते कुलूप कापायचे आणि पेशी परत सोडायच्या. मग निरोगी हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. 'कॅसजेव्ही' या नावाच्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेतील मान्यतेच्या वेळी पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र झटका आला नव्हता.

विज्ञानाचा हा विजय निःसंशय मोठा आहे. त्याची किंमतही ऐका. अमेरिकेत या उपचाराचा दर २२ लाख डॉलर ठरला, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक. शिवाय आधी तीव्र रसायनोपचार करून जुनी अस्थिमज्जा नष्ट करावी लागते. महिनोन्‌महिने इस्पितळाच्या फेऱ्या होतात आणि वंध्यत्वाचा धोकाही असतो. ज्या शोधांचा पाया विद्यापीठांतून, बव्हंशी सार्वजनिक पैशावर घातला गेला, त्यांचे अंतिम फळ मात्र मक्तेदारीच्या भावाने विकले जाते. ब्रिटनमध्ये तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेने भावाची घासाघीस करून जानेवारी २०२५ मध्ये हा उपचार सिकलसेल रुग्णांना खुला केला. खरेदीदार म्हणून समाज संघटितपणे उभा राहिला तर काय घडू शकते, याचे ते उदाहरण आहे.

आपल्याकडेही प्रयत्न चालू आहेत. दिल्लीतील जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेत डॉ. देबज्योती चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी स्वतःचे क्रिस्पर तंत्र विकसित केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये, बिरसा मुंडा यांच्या दीडशेव्या जयंतीच्या सुमारास, 'बिरसा १०१' या नावाने सिकलसेलवरील उपचार म्हणून ते जाहीर झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी तंत्रज्ञान हस्तांतराचा करारही झाला आहे. याचा अभिमान अवश्य बाळगावा. तथापि घोषणा म्हणजे उपचार नव्हे. मधे माणसांवरील चाचण्यांचा लांब टप्पा असतो. तंत्र सार्वजनिक संस्थेत जन्मले आहे, तेव्हा त्याच्या अंतिम किमतीत जनतेचा वाटा दिसला पाहिजे, हा प्रश्न आजपासूनच विचारत राहिले पाहिजे.

किंमत ही निसर्गाने ठरवलेली गोष्ट नाही, याचा पुरावा याच दिल्लीत मिळाला. मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट होऊन मुले पंगू होतात, अशा एका आनुवंशिक रोगावर रिस्डिप्लाम नावाचे औषध आहे. रोश कंपनीच्या एका बाटलीची किंमत सहा लाख रुपयांच्या घरात होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवण्यास मनाई करण्याची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये नाकारली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. नॅटकोने बाटलीची किंमत १५,९०० रुपये जाहीर केली. औषध तेच, मक्तेदारी सैल होताच किंमत सुमारे चाळीसाव्या हिश्श्यावर आली.

निर्मूलन कोणाचे?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाल्याचे आणि दोन लाखांहून अधिक रुग्ण आढळल्याचे शासनाने सांगितले. हे काम आवश्यकच आहे. पण ज्याचे रक्त तपासले आणि हाती कार्ड दिले, त्याला पुढे औषध मिळाले नाही, तर ते कार्ड नुसता शिक्का ठरते.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात घाईने तपासणीचे कायदे झाले. वाहक आणि रुग्ण यांतला भेद समाजाला न समजावल्यामुळे निरोगी कृष्णवर्णीयांना नोकऱ्यांत आणि विम्यात भेदभाव सोसावा लागला. तेथील हवाई दल अकादमीने वाहकांना प्रवेश नाकारण्याचे धोरण १९८१ मध्ये सोडले. आपल्याकडे या शिक्क्याचा भार प्रथम मुलींवर पडेल. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. ही माहिती दोघांनाही आधी मिळाली पाहिजे आणि निर्णय त्यांचा असला पाहिजे. "पोरीतच दोष" असे म्हणून तिला घरी बसवणे हे शास्त्राचे म्हणणे नव्हे. निर्मूलन रोगाच्या यातनेचे करायचे आहे, माणसाच्या प्रतिष्ठेचे नव्हे.

संघटनेने काय साधते हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी रुग्णांच्या कुटुंबांना एकत्र आणून वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, त्यामागे अशा प्रयत्नांचे बळ होते. २०१८ साली रामटेके यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

शेवटी आपल्यापुरते बोलतो. आपल्यातील अनेकांची गावे मी सांगितलेल्या जिल्ह्यांत आहेत. स्वतःची आणि मुलांची एकदा तपासणी करून घ्या. मूल वारंवार दुखण्याने रडत असेल तर डॉक्टरांना आपले मूळ गाव न विचारताच सांगा आणि सिकलसेलची चाचणी मागा. गावी जाल तेव्हा प्राथमिक आरोग्यकेंद्रात हायड्रॉक्सियुरिया आहे का, मागील तीन महिन्यांत किती दिवस नव्हते, हे विचारा आणि लिहून ठेवा. नव्या शोधाची बातमी वाचाल तेव्हा दोन प्रश्न त्याच्यासोबत विचारा : हा शोध कोणाच्या पैशावर लागला आणि तो कोणाला मिळणार? सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी आता रोज एक कॅप्सूल घेते आणि शाळेत जाते. तेवढे तर आजही प्रत्येक पाड्यावर शक्य आहे.