शर्यतीची मोटार आणि रोजचा रस्ता

आजच्या भाषणाचा विषय पाहून काहींना हसू येईल. भाताच्या आणि नाचणी-वरीच्या मुलखात, म्हणजे आपल्या शहापूर-मुरबाडकडे, कोटींच्या किमतीची परदेशी स्पोर्ट्स मोटार रोजच्या वापराला कामाची आहे काय, हा प्रश्न काढावयाचे कारण काय? कारण आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई-नागपूर असा ७०१ किलोमीटरांचा रस्ता आपल्या शहापूर तालुक्यातून सलग वाहू लागला. असा रस्ता दाराशी आला म्हणजे त्यावरून धावणारी वाहनेही डोळ्यांत भरतात. शिवाय या रस्त्यासाठी अनेकांच्या जमिनी गेल्या आणि मोबदल्याच्या रकमा हाती आल्या. घरातला तरुण मुलगा म्हणतो, "बाबा, नवी नको, जुनीच घेऊ, स्वस्तात पडते." वडिलांना हो म्हणवत नाही आणि नाही का म्हणावे हेही नीट सांगता येत नाही. त्या वडिलांसाठी आणि त्या मुलासाठीही आजचे हे चार शब्द आहेत.

प्रथम ही मोटार असते कशी ते पाहू. ती बुटकी असते, कारण वजन जमिनीजवळ राहिले म्हणजे वळणावर गाडी कलत नाही. ती रुंद असते आणि तिची चाकेही रुंद असतात, म्हणजे रस्त्यावरची पकड सुटत नाही. पुष्कळदा इंजिन पुढे नसून बैठकीच्या मागे असते, म्हणून माणसे बसावयाची दोनच. मायकेल शूमाकरच्या हातून सचिन तेंडुलकर यांना २००२ साली भेट मिळालेली फेरारी ३६० मोडेना याच जातीची. तिला आठ सिलिंडरांचे, सुमारे ४०० अश्वशक्तीचे इंजिन होते. आता एवढे घोडे कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर हवेत आहे. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडावयास लागणारी शक्ती आठपट होते. ताशी १२० किलोमीटरांनी जावयास साध्या मोटारीला चाळीसेक अश्वशक्ती पुरते. बाकीचे सगळे घोडे २५० आणि ३०० च्या वेगासाठी पोसलेले असतात.

आणि इथेच पहिली गंमत आहे बघा. आपल्या भागात या मोटारीच्या योग्यतेचा जर कोणता रस्ता असेल, तर तो समृद्धी महामार्ग. त्यावर मोटारींना सपाटीला ताशी १२० आणि घाटात १०० किलोमीटरांची मर्यादा आहे. म्हणजे जिथे रस्ता चांगला, तिथे कायदा तिला साध्या मोटारीच्या पंक्तीला बसवतो. आणि महामार्ग सोडून गावाकडे वळले की कायद्याची गरजच उरत नाही, रस्ताच तिला थांबवतो.

कसा थांबवतो ते जरा मोजून पाहू. अशा मोटारीचे पोट जमिनीपासून चार-पाच इंचच वर असते. साध्या घरगुती मोटारीचे साडेसहा-सात इंच असते. आता आपला गतिरोधक, म्हणजे स्पीडब्रेकर घ्या. रस्ते बांधणाऱ्यांच्या नियमपुस्तकाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि जाण्याच्या दिशेने ३.७० मीटर लांब, असा सावकाश चढउताराचा असावयास हवा. मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर साधारण २.६० मीटर असते. म्हणजे नियमाप्रमाणे केलेल्या गतिरोधकावर चारही चाके एकाच वेळी उभी राहू शकतात. पोटाखालची जागा त्या वेळी फक्त पाच सेंटिमीटर कमी होते आणि अकरा सेंटिमीटर उंचीची बुटकी मोटारही सुखरूप पार होते. आता एखाद्या अपघातानंतर गावकऱ्यांनी घाईघाईने घातलेला गतिरोधक आठवा. दीड-दोन फूट रुंद आणि अर्धा फूट उंच, अगदी बांधासारखा! पुढची चाके उतरली, मागची अजून चढली नाहीत, आणि मध्ये बांध थेट पोटाला लागला. गाडी तिथेच घासते. काही मोटारींना नाक वर उचलण्याची कळ असते. तिने दीडेक इंच मिळतो, पण तो नाकाला मिळतो. पोटाचे दुखणे राहतेच.

शहापुराहून किन्हवली, सरळगाव करीत मुरबाडला जाणाऱ्याला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. रस्त्याचे डांबर जाऊन काँक्रीट आले, तरी गाव आले की गतिरोधक येतो, शाळा आली की येतो, आणि पावसाळ्यात खड्डेही येतात. या मोटारीच्या टायरांची बाजू पातळ असते. साध्या टायरात हवेची जी गादी असते ती इथे नावालाच. खड्ड्याचा मार सरळ चाकाच्या कडेला बसतो. मुसळधार पावसात रुंद टायर पाण्यावर तरंगू पाहतात, कारण त्यांना बाजूला सारावे लागणारे पाणीही अधिक असते. आषाढात माळशेज घाटातले धुके आणि दरडी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अधिक सांगावयास नकोच.

पण न्याय दोन्ही बाजूंनी व्हावा. अशी मोटार रोज वापरताच येत नाही, असे जगात सर्वत्र नाही. जर्मनीची पोर्शे ९११ ही मोटार १९६३ साली लोकांपुढे आली. तिला मागे लहानशा का होईना, पण दोन बैठका आहेत, आणि ती घेऊन रोज कामावर जाणारे लोक तिकडे आहेत. जपानच्या होंडा कंपनीने १९९० साली एनएसएक्स नावाची मोटार काढली. शर्यतीच्या जातीची मोटारही शहरात बिनतक्रार चालावी, हाच तिच्यामागचा हेतू होता. आपल्याकडेही हा विचार झालेला आहे. मुंबईचे मोटार-रचनाकार दिलीप छाब्रिया यांनी २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात 'अवंती' ही दोन बैठकांची मोटार मांडली. इंजिन मागे, रूप परदेशी मोटारींसारखे, पण पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सात इंच वर. आपल्या रस्त्यांची जाण ठेवूनच हे माप धरावे लागते. पण जमिनीलगत राहण्यात या जातीचा जो गुण आहे, तो उंची वाढवली की तेवढा उणा होतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. 'उपयोगी' हा गुण एकट्या यंत्रात बसलेला नसतो. यंत्र, रस्ता, ओझे आणि खिसा या चौघांचे जमले तर वाहन उपयोगी. जर्मनीत जी सोयीची तीच किन्हवलीला गैरसोयीची, यात मोटारीचा दोष नाही आणि किन्हवलीचाही नाही.

ओझ्याचेच घ्या. आपल्याकडे वाहनाला रोज काय काम पडते? आजीला दवाखान्यात न्यायचे असते. जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या बैठकीत गुडघे धरून उतरायचे आणि पुन्हा उठायचे, हे तिला जमणार नाही. मुलांना आसनगाव स्टेशनावर गाडीच्या वेळेला पोचवायचे असते. भेंडी बाजाराला न्यायची असते, खताची गोणी आणायची असते. दोन बैठकांच्या मोटारीत हे बसवायचे कुठे?

खिशाचा हिशोब त्याहून कठीण. किंमत एकदाच द्यावी लागते, पण मोटार रोज मागते. विम्याचा हप्ता किमतीच्या मानाने, टायर तिच्याच मापाचे, पेट्रोल उंची प्रतीचे. बिघाड झाला तर कोपऱ्यावरचा मेस्त्री हात लावत नाही. मोटार सपाट गाडीवर चढवून मुंबईला न्यावी लागते. तेंडुलकर यांच्या मोटारीची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. ती भेट मिळालेली, तरी तिच्यावर आयातकर सुमारे १ कोटी १३ लाख रुपये निघाला. सरकारने तो माफ केला, त्यावर २००३ साली टीका झाली, आणि शेवटी तो फियाट कंपनीने भरला. २०११ साली ती मोटार विकली गेली. फुकट मिळालेल्या मोटारीचीही ही कथा, मग विकत घेतलेलीची काय सांगावी?

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौषात जत्रा भरते. तिथला बैलबाजार सगळ्यांना ठाऊक आहे. बैल घेणारा शेतकरी आधी दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि सर्वांत आधी स्वतःला विचारतो, याला जुंपायचा कशाला? शर्यतीचा बैल आणि नांगराचा बैल यांत तो कधी गल्लत करीत नाही. शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा ग्राह्य धरला. आता शर्यती पुन्हा भरतात. ज्याच्या दावणीला शर्यतीची जोडी आहे, त्याचा गावात मान आहे, आणि असावाच. पण नांगराची जोडी विकून कोणी शर्यतीचा बैल आणीत नाही. आणलाच तर भात लावणीच्या दिवसांत त्याला शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन उभे राहावे लागते.

शर्यतीच्या मोटारीला तुच्छ मानावे, असे मी म्हणणार नाही. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सच्या शर्यतीत जॅग्वारच्या मोटारी डिस्क ब्रेक लावून उतरल्या आणि जिंकल्या. आज तेच ब्रेक तुमच्या मुलाच्या मोटारसायकललाही असतात आणि त्याचा जीव वाचवतात. शर्यतीत जे पारखले जाते ते पुढे रोजच्या वाहनात येते. हे ऋण मानावे, मोटार पाहून कौतुकही करावे.

आणि तिच्यापासून आणखी एक धडा घ्यावा. ज्या गतिरोधकावर तिचे पोट घासते, त्याच गतिरोधकावर रुग्णवाहिकेतल्या बाळंतिणीला कळ लागते आणि दूधवाल्याची मोटारसायकल घसरते. कोटीची मोटार आपल्या गावात येवो न येवो, नियमाच्या मापाचा गतिरोधक आपल्याला हवाच आहे. ग्रामसभेत ही मागणी करावयास पैसे पडत नाहीत.

आता त्या बापलेकांना माझे सांगणे एवढेच. मोटार घेण्याआधी सात दिवस एक वही ठेवा. रोज कुठे गेलात, बरोबर कोण होते, काय सामान होते, रस्ता कोणता होता, रात्री वाहन कुठे उभे केले, हे लिहा. दहा किलोमीटर ६० च्या वेगाने गेलात तर दहा मिनिटे लागतात, १०० ने गेलात तर सहा. वाचलेल्या चार मिनिटांत काय केलेत, तेही लिहा. आठव्या दिवशी वही दोघांनी मिळून वाचा. वहीतल्या कामांना जी मोटार पुरी पडेल ती तुमची मोटार. तिच्या पलीकडे पैसा उरला, मूळ रकमेला धक्का लागत नसला, आणि हौस तरीही राहिली, तर ती जरूर करा. हौसेला हौस म्हणून ओळखले म्हणजे तिचा त्रास होत नाही. पण गेलेली जमीन परत येत नाही, तिच्या जागी आलेली रक्कम ही तुमच्या घरची नांगराची जोडी आहे. ती दावणीला राहू द्या.