अंथुर्ण्यास घालविलेली उन्हाळ्याची सुटी
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या ज्युबिलीच्या सोहळ्यांत धर्मग्रामाचा इतिहास सांगणारे, दात्यांचे आभार मानणारे व पुढील कार्याची दिशा दाखविणारे वक्ते माझ्याहून अधिक अधिकारी आहेत. मजकडे व्यवस्थापक मंडळींनीं एक हलकें काम सोंपविलें आहे. मुलांच्या शाळांस सुटी लागली आहे. तेव्हां जुन्या माणसांपैकीं कोणी तरी आपल्या लहानपणच्या सुटीची एखादी हकीकत सांगावी, एवढीच त्यांची इच्छा. हलकें म्हणून मीं तें पत्करलें. पण आठवूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, जी एक सुटी मला खरोखर आठवते ती सांगावयास मुळींच हलकी नाहीं. तरी तीच सांगतों.

माझें आजोळ अंथुर्णें. इंदापूर तालुक्यांतील हें गांव बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या वाटेवर आहे. तुकाराममहाराजांची पालखी देहूहून पंढरपुरास जातांना आषाढांत या गांवावरून जाते. हजारों वारकऱ्यांच्या पायांखालची ही वाट. त्यामुळें वाटसरूस पाणी देणें ही तेथील घरोघरची जुनी रीत. आमची आजी म्हणे, "दारीं आलेला आधी पाणी पितो, मग घरचीं माणसं." तिचें हें वाक्य श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, पुढें त्याचा संबंध येणार आहे.

त्या मुलुखाचें सारें सुखदुःख एका कालव्याच्या दोन कांठांवर वांटलेलें आहे. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानें दक्षिणेंतील पाऊसपाण्याची काय अवस्था आहे हें सर्वांच्या डोळ्यांसमोर आणलें, आणि त्यानंतर कांहीं वर्षांनीं, १८८५ सालीं, नीरा डावा कालवा वाहूं लागला. भोरजवळ येळवंडी नदीवर भाटघरास बांध घालून सांठविलेलें पाणी या कालव्यानें बारामती व इंदापूर या दुष्काळी तालुक्यांत आणिलें. कालव्याच्या खालची जमीन नीरा नदीपर्यंत ओलिताची झाली. तेथें ऊंस उभा राहिला, आणि पुढें वालचंद हिराचंद यांनीं वालचंदनगरास साखरेचा कारखाना काढला. कालव्याच्या वरची जमीन मात्र होती तशीच राहिली. पाऊस पडला तर ज्वारी-बाजरी, न पडला तर कुसळें. पाणी उताराकडे जातें, चढत नाहीं, हा धडा त्या गांवचीं मुलें शाळेंत जाण्यापूर्वींच शिकतात.

माझ्या मामांचें घर वरच्या अंगास, माळाच्या कडेला होतें. अंगणांत उभें राहिलें कीं एकीकडे उंसाची हिरवी पट्टी दिसे, आणि दुसरीकडे कडबनवाडीच्या बाजूचें पिवळें, गवताळ रान. त्या रानांत चिंकारा हरिणें असत. तीं तेथें आजही आहेत.

आम्ही पुण्यास राहत असूं. परीक्षा संपली कीं दुसऱ्याच दिवशीं ट्रंक भरली जाई. पुण्याहून दौंडपर्यंत मोठी आगगाडी, दौंडहून बारामतीपर्यंत त्या काळची अरुंद रुळांवरची लहान गाडी, आणि बारामतीहून एस. टी. लहान गाडी इतकी सावकाश चाले कीं, खालीं उतरून बोरीबाभळींस हात लावून पुन्हां डब्यांत चढतां येईल असें आम्हां मुलांस वाटे. प्रत्यक्षांत तसें करण्याचें धाडस कोणीं केलें नाहीं. एस. टी. च्या थांब्यावर मामा सायकल घेऊन उभे असत. ट्रंक सायकलीवर आणि आम्ही तिच्या मागें धांवत.

त्या सुट्यांचें वर्णन करावयाचें तर सबंध सभा त्यांतच जाईल. सकाळीं ताकांत कालविलेली भाकरी, दुपारीं चिंचेखालीं विटीदांडू, उन्हें कललीं कीं कालव्यांत डुंबणें. खालच्या अंगास एखादें गुऱ्हाळ अजून चालू असलें तर काकवीचा तांब्या हमखास मिळे. आजीच्या चंचींत निमगांव केतकीच्या पानमळ्यांतलीं पानें असत; देंठ खुडून उरलेला टोंकाचा तुकडा ती माझ्या तोंडांत घाली. रात्रीं प्रार्थना आटोपली कीं अंगणांत वाकळा पसरून आम्ही आजीभोंवतीं पडत असूं, आणि ती प्रत्येकास विचारी, "आज काय काय झालं, सांग." दिवसभरांत केलेल्या सर्व उचापती सांगून टाकल्यावांचून झोंप येत नसे.

आतां १९७३ सालच्या सुटीकडे येतों. मी ११ वर्षांचा होतों. त्याआधींचीं दोन वर्षें पावसानें ओढ दिली होती, आणि १९७२ सालीं तर तो जवळजवळ आलाच नाहीं. पुण्यास आम्हांस दुष्काळ ठाऊक होता तो रेशनच्या रांगेपुरता व वर्तमानपत्रापुरता. मी नेहमींच्याच उत्साहानें निघालों. आईनें ट्रंकेंत गव्हाचें पीठ व तेलाचा डबा भरला, तेव्हां मीं कुरकूर केली कीं, खेळण्यास जागा उरली नाहीं.

थांब्यावर मामा नव्हते. अक्का, म्हणजे माझी मामेबहीण, एकटीच आली होती. ती माझ्याहून दोन वर्षांनीं मोठी. मामा व मामी रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जात होतीं. ज्यांच्या हातांत आजवर नांगर होता त्यांच्या हातांत त्या वर्षीं हातोडा आला. पुढें वाचनांत आलें कीं, १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत सुमारें ५० लाख माणसें अशा सरकारी कामांवर होतीं. त्यांतलीं दोन माझ्या आजोळचीं होतीं, एवढेंच त्या वेळीं मला दिसलें. कामावर सुकडी मिळे. मामा आपल्या वांट्यांतली मूठभर पदरांत बांधून आणीत. भाकरी परदेशांतून आलेल्या मिलोची, लालसर व चिवट. गोठा रिकामा होता. आजीची चंची होती, पण तींत पान नव्हतें. मीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, "वेलच वाळले रे, बाळा."

कालव्यांत चिखलाच्या खपल्या होत्या. पाण्याची पाळी केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नव्हतें. पिण्याचें पाणी एका विहिरीच्या तळाशीं झिरपत असे. तेथें पहांटेपासून घागरींची रांग लागे. नंबर आला कीं घरांतील हलकें मूल पायऱ्या उतरून तळाशीं जाई, झऱ्यापाशीं बसे, आणि वाटीवाटीनें कळशी भरी. एक कळशी भरावयास कधीं कधीं घटका जाई. आमच्या घरचें हें काम अक्काचें. ती सकाळीं एक व संध्याकाळीं एक खेप करी; एक कळशी डोक्यावर व एक कमरेवर घेऊन मैलभर माळ तुडवीत येई. त्या चार कळशांत पांच माणसांचें पिणें, स्वयंपाक व भांडीं. शेवटचें पाणी तुळई-खांबाशीं बांधलेल्या एकुलत्या एका शेळीस.

पांचव्या दिवशीं संध्याकाळीं मी अक्काबरोबर गेलों. त्या दिवशीं झरा फार मंद होता. दोन तास थांबून एकच कळशी भरली. परततांना मीं ती माझ्या खांद्यावर देण्याचा हट्ट धरला. ती नको म्हणत होती; मीं ओढूनच घेतली. अर्ध्या वाटेवर ओढ्याच्या कांठाशीं एक चिंकारा उभी होती. कोरड्या ओढ्यांतील वाळू ती पायानें उकरीत होती. एवढ्या जवळून हरिण मीं कधीं पाहिलें नव्हतें. कळशी खांद्यावर आहे याचें भान सोडून मी पुढें धांवलों, ठेंच लागली, आणि कळशीसह मातींत पडलों. पाणी जमिनीनें कसें पिऊन टाकलें तें अजून मला दिसतें. काळा डाग उमटला, आणि आम्ही पाहतां पाहतां तो फिका झाला.

अक्का रागावली नाहीं. तिनें कळशी उचलली, पोचा आला होता तो बोटांनीं चांचपून पाहिला, आणि चालूं लागली. घरीं पोंचल्यावर मीं तोंड उघडण्यापूर्वींच ती म्हणाली, "आजी, मी ठेचकाळले. कळशी हातची सुटली."

आजीनें तिच्याकडे पाहिलें, मग माझ्याकडे पाहिलें. "लागलं का?" एवढेंच विचारलें.

त्या रात्रीं रांजणांत तळाला तांब्या-दीड तांब्या पाणी होतें. खडीच्या कामावरून आलेल्या मामामामींस आजीनें अर्धा अर्धा पेला दिला. उरलेलें माझ्यापुढें ठेविलें. मी पाहुणा होतों. आजीनें व अक्कानें सकाळची खेप येईपर्यंत घोटभरही घेतलें नाहीं. आणि ती सकाळची खेपही अक्कानेंच केली. मला तहान लागली होती. मीं तें पाणी प्यालों.

प्रार्थना झाली. वाकळांवर पडल्यावर आजीनें रोजच्याप्रमाणें विचारलें, "आज काय काय झालं, सांग." मीं चिंकारा दिसल्याचें सांगितलें. तिचीं शिंगें, तिचे डोळे, वाळू उकरणारा तिचा पाय, सारें सांगितलें. कळशीचें सांगितलें नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून आजीनें एक लहान चरवी माझ्या हातीं दिली. पुढचे तीन आठवडे मीं रोज दोन खेपा केल्या. पायऱ्या उतरावयास शिकलों, झऱ्यास धक्का न लावतां वाटी बुडवावयास शिकलों, आणि चरवींतला एक थेंब सांडूं दिला नाहीं. मनाशीं म्हणत असें कीं, एवढ्यानें फिटलें. रोज रात्रीं आजी विचारी, "आज काय काय झालं?" आणि रोज मी दुसरें कांहीं तरी सांगे.

सुटी संपली. त्या वर्षीं पाऊस झाला, कालव्यास पाणी आलें, पानमळे पुन्हां लागले. मामांनीं पुन्हां नांगर धरला. पुढच्या सुट्या पुष्कळ आल्या व आनंदांत गेल्या. १९८१ सालीं आजी वारली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं अक्काच्या मुलीच्या लग्नांत आम्ही दोघें ओसरीवर बसलों होतों. त्या दिवशीं माझ्यानें राहवलें नाहीं. मीं म्हटलें, "अक्का, ती कळशी मीं सांडली, आणि आजीला शेवटपर्यंत कळलं नाहीं."

ती हंसली. म्हणाली, "अरे, तिला त्याच क्षणीं कळलं होतं. तुझा सदरा चिखलानं भरलेला, आणि माझा परकर कोरडा. मला ती दुसऱ्या दिवशीं म्हणाली, पोर सांगेल आपण होऊन, तूं मधे बोलूं नकोस. तूं पुण्याला गेलास त्या दिवशीं थांब्यावरून परत आल्यावर पुन्हां म्हणाली, पुढच्या सुटींत सांगेल."

बंधुभगिनींनो, ज्या प्रश्नाला मी रोज रात्रीं गोष्टीची सुरुवात समजत होतों, तो त्या तीन आठवड्यांत माझ्यासाठीं उघडें ठेविलेलें दार होतें. आठ वर्षें तिनें तें उघडें ठेविलें. मी त्यांतून गेलों नाहीं, आणि आतां जाण्यास तेथें कोणी नाहीं. म्हणूनच आज तुम्हांसमोर सांगितलें.

त्या दुष्काळानंतर पुष्कळ घडलें. मागेल त्यास काम देण्याचा कायदा महाराष्ट्रानें १९७७ सालीं केला, व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. हातोडा घेऊन रस्त्यावर बसलेल्या माणसांचा त्यांत मोठा वांटा आहे. बारामतीच्या परिसरांत माळरानावर पाझर तलाव झाले. १९८० सालीं भीमेवरचें उजनी धरण पुरें झालें, आणि इंदापूर तालुक्याच्या त्या बाजूसही पाणी उभें राहिलें. परंतु कालव्याच्या वरचा व खालचा हा भेद कोणत्याही धरणानें सर्वस्वीं पुसलेला नाहीं, आणि पाऊस अजूनही ओढ देतो.

व्यवस्थापक मंडळींनीं मुलांस उपदेश करण्यास मला सांगितलेलें नाहीं, आणि मी त्यास योग्यही नाहीं. पालकांस मात्र एक विनंती आहे. सुटींत मुलांस दूरच्या थंड हवेच्या ठिकाणीं अवश्य न्या. पण आठ दिवस तरी आजोळीं ठेवा, आणि तेथें त्यांस पाहुणे करून बसवूं नका. घरचें एखादें काम त्यांच्या हातीं द्या. रात्रीं त्यांस विचारा कीं, आज काय काय झालें. उत्तर अपुरें वाटलें तरी रागावूं नका. दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारा. आणि बाळांनो, तुमच्या हातून कळशी सांडली असेल तर तें त्याच रात्रीं सांगा. विचारणारें माणूस नेहमींच असेल असें धरून चालूं नका.

ती पोचलेली कळशी आज माझ्या घरीं आहे. अक्कानेंच दिली. तिच्यांत आम्ही अजूनही पिण्याचें पाणी भरतों.