मॉडेलव्ह्यूसेट की एपीआयव्ह्यू? आधी दारं मोजा

जँगो रेस्ट फ्रेमवर्क शिकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो: एपीआयव्ह्यू वापरू, जेनेरिक व्ह्यू वापरू, की सरळ मॉडेलव्ह्यूसेट?

माझी फजिती सांगतो. मित्रांच्या भिशीचा हिशोब ठेवायला छोटं अ‍ॅप केलं होतं. मॉडेलव्ह्यूसेट लिहिला, राउटरला जोडला, सगळे यूआरएल आपोआप तयार. चार ओळींत काम झालं, मी जाम खूश! पंधरा दिवसांनी एकाच्या भरलेल्या हप्त्याची नोंदच गायब. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. एकाने गंमत म्हणून डिलीट रिक्वेस्ट मारली आणि सर्व्हरने ती निमूटपणे मानली. पैसे भरलेला माणूस थकबाकीदार ठरला. त्याला काय तोंड दाखवणार?

चूक फ्रेमवर्कची नाही, माझीच. मॉडेलव्ह्यूसेट एकदम सहा दारं उघडतो: यादी, एक नोंद पाहणं, नवी नोंद, पूर्ण बदल, थोडा बदल आणि डिलीट. त्यात परवानगीचं सेटिंग आपण बदललं नाही, तर ते मुळात 'अलाऊएनी' असतं. म्हणजे लॉगिन न करताही सगळं खुलं!

मग निवडायचं कसं? आधी कागदावर लिहा, कुणाला काय करता आलं पाहिजे. फक्त वाचायचंय? रीडओन्लीमॉडेलव्ह्यूसेट घ्या. यादी आणि नवी नोंद एवढंच हवंय? जेनेरिकमधला लिस्टक्रिएटएपीआयव्ह्यू पुरतो. सहाही कामं खरंच लागणार असतील, तर मॉडेलव्ह्यूसेट बिनधास्त वापरा. आणि काम एका टेबलापुरतं नसेल, म्हणजे भिशी कुणाला लागली ते ठरवायचं, हिशोब बदलायचा, सगळ्यांना कळवायचं, तर एपीआयव्ह्यू घेऊन पोस्ट मेथड स्वतः लिहा. ओळी वाढतील, पण काय घडतंय ते समोर दिसेल.

यातलं काहीही घ्या, पर्मिशन क्लास लिहायचाच. आणि क्वेरीसेट लॉगिन केलेल्या माणसापुरता गाळून घ्या, नाहीतर एकाचे हप्ते दुसरा बघत बसेल.

आज एक काम करा. आपल्या प्रोजेक्टच्या टेस्ट डेटावर, लॉगिन न करता, एक डिलीट रिक्वेस्ट मारा. ४०१, ४०३ किंवा ४०५ आलं, तर निवांत झोपा. २०४ आलं, तर नोंद गेली म्हणून समजा. मग झोपायच्या आधी ते दार लावा!

भेटू पुढच्या भागात.